पुरवणी वाचन

शनिवारची शाळा, शेवटचा तास,
इंग्रजीचं पुरवणी वाचन.
अख्ख्या नववीत राखी कव्हरचं एकच पुस्तक,
तेही सरांचं,
मागची पानं गेलेली.

बडगुजर सर वाचायचे.
एक ओळ इंग्रजी, मग तिचं मराठी,
आणि मराठीत आली की ती ओळ अंगावर यायची:
धुक्याचा देश, दगडी शाळा,
तोंड धुवायच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा,
चाळीस पोरांत तीन घोंगड्या,
आणि एक पोरका, ज्याला नाव नव्हतं,
नंबर होता. सतरा.

तापीकाठचं आमचं गाव.
पत्र्यावर ऑक्टोबर तडतडायचा,
खाली आम्हाला हुडहुडी भरायची.

सतरा नंबरला हेडमास्तरने
कोळशाच्या खोलीत कोंडलं
तेव्हा सरांचा आवाजच गेला.
त्यांनी डोळे पुसले, हाताला खडू होता.
गालावर पांढरा ओघळ.
कुणी हसलं नाही.

तेव्हाही सुपडू उभा होता,
दाराशी, एका पायावर.
फी नव्हती म्हणून, की वही नव्हती म्हणून,
मला आठवत नाही. त्यालाही नसेल.
सुपडू कोळी.
आधीची दोन राहिली नाहीत,
म्हणून आईने सुपात घालून शेजारणीला विकलेला,
पसाभर दादर देऊन परत घेतलेला.
मरणाला फसवायला ठेवलेलं नाव
हजेरीत शेवटून तिसरं.

छडीही तोच आणायचा.
नदीच्या वाटेवर निरगुडी होती.
वाळकी आण ना रे, लवकर मोडते,
मी एकदा म्हटलं.
तो म्हणाला, 'सरनी वल्ली सांगेल शे.'

त्या दिवशी गोष्ट संपली,
म्हणजे पानं संपली.
कोळशाच्या खोलीत सतरा नंबर
आणि पुढे नुसता शिवणीचा दोरा.
सरांनी विचारलं, कुणाला काही शंका?

दारातून आवाज आला,
'सर, मंग त्याले लेवाले कोनी उनं का?'

हे तर आमच्या सगळ्यांच्याच पोटात होतं.
सर म्हणाले, शुद्ध बोल.
'लेवाले, सर,' तो जरा मोठ्याने म्हणाला,
'लेवाले.'
त्याला वाटलं, ऐकू गेलं नाही.

बारा. मी मोजल्या.
गालावरचा खडू तसाच होता.
वर्गभर निरगुडीचा हिरवा वास.
माझी आई तिचाच पाला गरम करून
सुजेवर बांधायची.

सोमवारी तो आला नाही.
दिवाळीनंतरही नाही.
हजेरी घेताना शेवटून तिसऱ्या नावाशी
सर थोडे अडखळायचे,
दाराकडे बघायचे,
मग पुढचं नाव.

पुढे मी अमळनेरला मास्तरीण झाले.
तिथल्या वाचनालयात ते पुस्तक सापडलं, जाडजूड, पूर्ण.
उभ्या उभ्याच शेवट वाचला.
बग्गी येते. श्रीमंत चुलता येतो. वकील, मृत्युपत्र,
हेडमास्तर देशोधडीला,
सतरा नंबरला नाव, आणि वर इस्टेट.
लेखकाला घाई झालेली दिसत होती.
मी मात्र रडले,
आणि घरी येऊन आरशात गाल पाहिला.

परवा चोपड्याच्या स्टँडवर
केळीच्या ट्रकमधून एक माणूस उतरला.
कपाळावर पांढरे केस, हाताला चीक.
'वयखं का माले, ताई?'

मी चहा सांगितला.
एवढी वर्षं जपलेली ओळ होती माझ्याकडे.
वर्गात मी कुणाला बोलू देत नाही
त्या बोलीत ती तोंडातून आली:
'सुपडू, त्याले लेवाले उंथा रे.
चुलता. बग्गी लिसन.'

त्याला कोण ते विचारावं लागलं नाही.
बशीत चहा ओतत तो म्हणाला,
'कितला दिनमा?'

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला.
तो थांबला होता उत्तरासाठी,
बशी हातात,
सगळा भार एका पायावर.